सगळं हिरवं, तरी ऑर्डर गायब! ऑटोमेशनमध्ये डेटा ‘गाळायचा’ कसा?

समजा, साताऱ्यातला एक महिला बचत गट दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेतो. ऑर्डर गूगल फॉर्मवर येतात आणि आपोआप शीटमध्ये पडतात. पुढचं काम एका ऑटोमेशनवर सोपवलेलं आहे. रोज सकाळी ८ वाजता शीट वाचायची, ज्यांचे पैसे यायचेत त्यांना आठवणीचा मेसेज पाठवायचा आणि ज्यांचे आलेत त्यांची गावनिहाय यादी डिलिव्हरी करणाऱ्या मुलाकडे द्यायची. चार-सहा दिवस सगळं सुरळीत चालतं. मग कऱ्हाडहून फोन येतो. पैसे भरून तीन दिवस झाले, डबा काही आलेला नाही. ऑटोमेशन उघडून पाहावं तर प्रत्येक चौकटीवर हिरवी खूण. एकही चूक दाखवलेली नाही.

अशा वेळी सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. त्याला जे सांगितलं तेच त्यानं केलेलं असतं. ती ऑर्डर अडकते गाळणीत, म्हणजे फिल्टरमध्ये. आणि फिल्टरनं एखादी नोंद बाजूला काढली तर ती चूक मानली जात नाही. उलट तेच तर त्याचं काम असतं. त्यामुळे ऑटोमेशन शिकताना सगळ्यात सोपी वाटणारी पायरीच सगळ्यात गुपचूप दगा देते.

गाळणी म्हणजे नेमकं काय?

वर्कफ्लो ऑटोमेशनची सॉफ्टवेअर आता बरीच आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं झॅपिअर, प्राग शहरात जन्मलेलं आणि २०२२ पर्यंत इंटिग्रोमॅट या नावानं ओळखलं जाणारं मेक, आणि २०१९ मध्ये यान ओबरहाउझर यांनी बर्लिनमधून आणलेलं एन८एन. या शेवटच्याचं नाव विचित्र वाटतं, पण त्यामागे साधा हिशेब आहे. मूळ शब्द ‘नोडमेशन’. इंग्रजीत तो लिहिला की पहिल्या आणि शेवटच्या ‘एन’च्या मध्ये आठ अक्षरं येतात, म्हणून एन-८-एन. ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, त्यामुळे शिकणाऱ्यांमध्ये ते लोकप्रिय आहे. पुढची उदाहरणं मुख्यतः त्याचीच आहेत, पण तत्त्व सगळीकडे तेच.

एन८एनमध्ये प्रत्येक काम एका चौकटीत असतं, तिला नोड म्हणतात. एका नोडमधून दुसऱ्या नोडमध्ये जातात त्या नोंदी, म्हणजे ‘आयटम’. शीटमध्ये ४० ओळी असतील तर शीट वाचणारा नोड ४० आयटम पुढे सोडतो. प्रत्येक आयटममध्ये नाव, गाव, रक्कम, तारीख असे कप्पे असतात. त्या कप्प्यांना म्हणायचं फील्ड. फिल्टर नोड प्रत्येक आयटमला एकच प्रश्न विचारतो: तू या अटीत बसतोस का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे, नसेल तर तिथेच थांब.

एक्सेलच्या फिल्टरची सवय असलेल्यांचा इथे एक गोंधळ होतो. एक्सेलमध्ये फिल्टर लावला की ओळी फक्त लपतात, फिल्टर काढला की परत दिसतात. ऑटोमेशनमध्ये अडवलेली नोंद त्या फेरीत पुढच्या कोणत्याही पायरीपर्यंत पोहोचत नाही. तिच्यासाठी मेसेज नाही, ईमेल नाही, यादीत नाव नाही. मात्र मूळ शीटमधली ओळ जागेवरच असते. फिल्टर काही पुसत नाही, एवढा दिलासा आहे.

आणखी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. फिल्टर ओळी कमी करतो, रकाने नाही. रकाने कमी करायचे तर ‘एडिट फील्ड्स’ हा वेगळा नोड आहे. डिलिव्हरीच्या मुलाला नाव, पत्ता आणि फोन पुरतो. ग्राहकाचा ईमेल किंवा त्यानं कसे पैसे भरले हे त्याला पाठवण्याचं कारण नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही असाच आहे, ज्या कामासाठी संमती घेतली त्याला लागेल तेवढीच माहिती वापरावी.

फिल्टर, इफ की स्विच?

एन८एनमध्ये गाळण्यासाठी तीन नोड हाताशी असतात आणि नवशिक्यांचा इथेच घोळ होतो. ‘फिल्टर’ नोड नको असलेलं सोडून देतो. ‘इफ’ नोडला दोन दारं असतात, अट पूर्ण झाली तर एक आणि नाही झाली तर दुसरं. ‘स्विच’ला हवी तेवढी दारं करता येतात, म्हणजे सातारा इकडे, कऱ्हाड तिकडे, वाई आणखी तिसरीकडे.

नको असलेल्या नोंदींचं खरोखरच काही करायचं नसेल तरच फिल्टर वापरावा. फराळाच्या उदाहरणात पैसे आलेल्यांचं एक काम आहे आणि न आलेल्यांचं दुसरं, म्हणून तिथे ‘इफ’ योग्य. दोन वेगवेगळे फिल्टर लावूनही काम होतं, पण मग दोन्ही अटी एकमेकींच्या अगदी उलट आहेत ना, हे सांभाळत बसावं लागतं. एकीत बदल केला आणि दुसरीत विसरला, तर काही ऑर्डर दोन्हीकडून सुटतात.

स्विचमध्ये एक खाच आहे. एखादी नोंद कोणत्याच नियमात बसली नाही तर तिचं काय करायचं, हे ‘फॉलबॅक’ या पर्यायात ठरतं. तो पर्याय बदलला नाही तर अशी नोंद निमूटपणे सोडून दिली जाते. कऱ्हाडच्या डब्याचं बहुधा हेच झालेलं असतं. फॉलबॅकसाठी जादा दार उघडून त्याला ‘हाताने तपासायच्या ऑर्डर’ अशी एक वेगळी शीट जोडली, तर कोणत्याही नियमात न बसलेली ऑर्डर निदान डोळ्यांसमोर तरी येते. हे करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

बोलण्यातलं ‘आणि’, अटीतलं ‘किंवा’

फिल्टर लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका तांत्रिक नसतातच, त्या भाषेच्या असतात. बचत गटातल्या ताई म्हणतात, “वाई आणि कऱ्हाडच्या ऑर्डर काढ.” ऐकणारा फिल्टरमध्ये दोन अटी टाकतो. गाव वाई आहे, ‘आणि’ गाव कऱ्हाड आहे. निकाल शून्य. कारण फिल्टर यादीकडे पाहत नाही, एकेका ओळीकडे पाहतो आणि एका ओळीत गाव एकाच वेळी वाई आणि कऱ्हाड असू शकत नाही. ताईंच्या ‘आणि’चा फिल्टरमधला अर्थ ‘किंवा’ होतो. गाव वाई असेल किंवा कऱ्हाड असेल, तर ठेव.

नकार आला की गोष्ट नेमकी उलटी होते. “वाई आणि कऱ्हाड सोडून बाकीच्या दे.” इथे कुणी हुशारीनं ‘किंवा’ वापरलं, म्हणजे गाव वाई नाही किंवा गाव कऱ्हाड नाही, तर सगळ्याच्या सगळ्या ऑर्डर पुढे जातात. वाईची ऑर्डर ‘कऱ्हाड नाही’ या अटीत बसते, कऱ्हाडची ‘वाई नाही’ या अटीत. कुणीच अडत नाही. इथे ‘आणि’च हवं. नकार आत गेला की ‘आणि’चं ‘किंवा’ होतं आणि ‘किंवा’चं ‘आणि’, हा तर्कशास्त्रातला नियम ऑगस्टस डी मॉर्गन या ब्रिटिश गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो. त्याचा जन्म १८०६ मध्ये मदुराईचा, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

यावर एक घरगुती उपाय आहे. अट लिहिण्याआधी वाक्य ‘या एका ऑर्डरचं’ अशा शब्दांनी सुरू करायचं. “या एका ऑर्डरचं गाव वाई आहे किंवा कऱ्हाड आहे.” “या एका ऑर्डरचं गाव वाईही नाही आणि कऱ्हाडही नाही.” वाक्य कानाला बरोबर लागलं की अटही बहुतेक बरोबर असते.

एन८एनच्या एकाच फिल्टर नोडमध्ये ‘आणि’ व ‘किंवा’ यांची सरमिसळ करता येत नाही. सगळ्या अटी एक तर ‘आणि’नं जोडायच्या, नाही तर ‘किंवा’नं. “पैसे आलेत, आणि गाव वाई किंवा कऱ्हाड आहे” असं हवं असेल तर दोन फिल्टर एकापाठोपाठ लावायचे. पहिला पैशांचा, दुसरा गावाचा. झॅपिअर आणि मेकमध्ये अटींचे गट करता येतात, त्यामुळे तिथे हे एकाच ठिकाणी जमतं. पण वाचायला सोपे दोन फिल्टरच. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला ते उघडावं लागलं तर त्याला ते पटकन कळतात.

दिसायला तेच, पण तेच नाही

आता मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास अडचण. माणूस शब्द वाचतो, संगणक त्यामागचे आकडे वाचतो. ‘वाई’ आणि ‘वाई’च्या पुढे चुकून पडलेली एक मोकळी जागा, हे डोळ्यांना एकच दिसतं. ‘बरोबर आहे’ या अटीला ते दोन वेगळे शब्द वाटतात. इंग्रजीत भरलेल्या नावांत लहान-मोठ्या लिपीचाही फरक पडतो. त्याकडे दुर्लक्ष कर असं सांगणारा पर्याय नोडमध्ये आहे, पण तो आपण निवडावा लागतो.

देवनागरीत प्रश्न यापेक्षा खोल आहे. ‘कऱ्हाड’ हाच शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून त्याचा पाय मोडतात. काही कीबोर्ड साधा ‘र’ घेतात, त्याचा पाय मोडतात आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडच्या दृष्टीनं मात्र ती दोन वेगळी अक्षरमालिका आहे. स्विचमध्ये नियम एका पद्धतीनं लिहिलेला असेल आणि ग्राहकानं मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलं असेल, तर जुळणी होत नाही. शिवाय कुणी ‘कराड’ लिहितं, तेही चूक नाही.

हीच गत ‘ॲ’ची. ‘ॲप’ लिहिताना कुणाचा कीबोर्ड स्वतंत्र ‘ॲ’ टाकतो, तर कुणाचा ‘अ’वर चंद्र चढवतो. बँक, ॲडव्हान्स, ॲपार्टमेंट असे शब्द पत्त्यांत आणि शेऱ्यांत सारखे येत असतात, म्हणून हे माहीत असलेलं बरं. कडेच्या मोकळ्या जागा ‘ट्रिम’ या फंक्शननं निघतात. पण शब्दाच्या मध्ये बसलेलं न दिसणारं जोडचिन्ह ट्रिमला निघत नाही. ते ‘रिप्लेस’ करून बदलावं लागतं.

खरं तर ही लढाई फिल्टरमध्ये लढूच नये. गावाचं नाव ग्राहकाला टाइप करायला लावण्याऐवजी फॉर्ममध्ये तयार यादीतून निवडायला द्यावं. म्हणजे वाईची दहा रूपं शीटमध्ये येतच नाहीत. फॉर्म आपल्या हातात नसेल तर पिनकोडवर गाळणं जास्त भरवशाचं. ‘४११ने सुरू होतं’ अशी अट लावली की पुण्याचे पत्ते मिळतात. पण पिनकोडचे पहिले तीन अंक म्हणजे जिल्हा, असं सरसकट धरू नये. ४१५ने सुरू होणारे पिनकोड सातारा जिल्ह्यातही आहेत आणि रत्नागिरीतही. अशा ठिकाणी पूर्ण सहा अंकच जुळवावेत.

५०० हा आकडा आहे की शब्द?

प्रत्येक फील्डला एक प्रकार असतो. मजकूर, संख्या, तारीख, हो-नाही. फिल्टरमध्ये अट लावताना आधी प्रकार निवडावा लागतो, आणि ‘पेक्षा मोठं’ ही तुलना संख्येलाच लागू होते. फॉर्ममधून आलेली रक्कम पुष्कळदा मजकूर म्हणून येते. एन८एन अशा वेळी चुकीचा प्रकार आला म्हणून थांबतं आणि तसं सांगतं. नवशिक्यांना ही तांबडी पाटी त्रासदायक वाटते, पण निमूट हिरव्या खुणेपेक्षा ती कधीही बरी.

प्रकार आपोआप बदलून घेण्याची सोय आहे. मजकूर म्हणून आलेलं इंग्रजी अंकांतलं ५०० त्यानं संख्या होतं. मात्र तोच आकडा देवनागरी अंकांत टाइप केलेला असेल तर होत नाही. संगणकाच्या लेखी ते मजकुरातलं चिन्ह असतं, संख्या नव्हे. मागेपुढे रुपयाचं चिन्ह असेल किंवा लाखाच्या हिशेबातले स्वल्पविराम असतील, तरीही तेच. फिल्टरच्या आधी एक पायरी ठेवून चिन्हं आणि स्वल्पविराम काढावेत, अंक इंग्रजी करावेत आणि मगच तुलना करावी. ‘५००च्या वर’ म्हणजे ५०० धरून की सोडून, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. मोफत डिलिव्हरीवरून भांडणं नेमकी बरोबर ५००च्या ऑर्डरवर होतात.

तारखांचा त्रास वेगळा. ०५/११ म्हणजे आपल्याकडे ५ नोव्हेंबर, अमेरिकेत ११ मे. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं लिहिलेली तारीख सगळीकडे एकच अर्थ देते, म्हणून शक्य तिथे तीच वापरावी. कधी कधी शीटमधून तारखेच्या जागी ४५६५८ असा काहीतरी आकडा येतो. तो बिघाड नसतो. शीट तारखा दिवस मोजून साठवते, मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून चालू आहे, आणि ४५६५८वा दिवस म्हणजे १ जानेवारी २०२५.

आणि मग ‘आज’ हा शब्द. स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेल्या एन८एनची घड्याळाची मूळ सेटिंग न्यूयॉर्कची असते. ती बदलली नाही तर सकाळी ८ची फेरी भारतात संध्याकाळी सुरू होते. आणि साताऱ्यात सकाळचे ८ वाजले असताना कुणी हातानं फेरी चालवली, तर ‘आजच्या ऑर्डर’ म्हणून कालची तारीख गाळली जाते, कारण न्यूयॉर्कमध्ये अजून आदली रात्र असते. वेळक्षेत्र ‘एशिया/कोलकाता’ करून घेणं हे पहिल्या दिवसाचं काम आहे. ते केल्यावरही, दुसऱ्या सेवेकडून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेत असू शकते. ती आपल्या साडेपाच तास मागे. रात्री साडेबाराला आलेली ऑर्डर तिथे आदल्या दिवशीच्या खात्यात पडते.

रिकामी जागाही उत्तरच असते

‘पैसे आले का’ या रकान्यात काही ओळींत ‘हो’, काहींत ‘नाही’ आणि काहींत काहीच नाही, असं नेहमी असतं. ‘नाही बरोबर आहे’ अशी अट लावली तर रिकाम्या ओळी सुटतात. त्यांना आठवणीचा मेसेज जात नाही आणि पैसे येत नाहीत. ‘हो नाही’ अशी अट लावली तर रिकाम्या ओळीही धरल्या जातात. मग ज्यांनी काल रोख दिले पण नोंद करायची राहिली, त्यांना “पैसे भरा” असा मेसेज जातो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला असा मेसेज गेला की पुढच्या दिवाळीला ते दुसरीकडे जातं. दोन्हींपैकी कोणतं चालेल हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. रिकाम्या ओळी तिसऱ्या वाटेनं काढून माणसाला दाखवणं हे सहसा बरं.

रिकामं असणं आणि नसणंही वेगळं. फील्ड आहे पण त्यात काही नाही, ही एक स्थिती. फील्डच आलेलं नाही, ही दुसरी. एन८एनमध्ये त्यासाठी ‘रिकामं आहे’ आणि ‘अस्तित्वात नाही’ अशा दोन अटी आहेत. कुणी शीटमधल्या रकान्याचं नाव बदललं की ‘पैसे आले का’ हे फील्ड सगळ्याच ओळींतून नाहीसं होतं, आणि काल चालणारा फिल्टर आज कुणालाच ओळखत नाही.

गाळणी कुठे लावायची?

जितकी वर लावता येईल तितकी. मेसेज पाठवून झाल्यावर गाळण्यात अर्थ नसतो. मेसेज किंवा एआय सेवा वापरल्यामागे पैसे मोजावे लागत असतील तर त्या पायरीच्या आधी फिल्टर हवा. झॅपिअरमध्ये फिल्टरची पायरी हिशेबाच्या ‘टास्क’मध्ये धरली जात नाही, मेकमध्येही फिल्टरचा वेगळा आकार नाही, त्यामुळे लवकर गाळल्यानं बिल कमीच होतं. त्याहून चांगलं म्हणजे मुळातच कमी मागणं. जीमेलमधून फक्त कालपासूनचे मेल मागता येतात, डेटाबेसला अट घालूनच प्रश्न विचारता येतो, गूगल शीटच्या नोडमध्येही ठरावीक मूल्याच्या ओळी मागण्याची सोय आहे. दहा हजार ओळी आणून त्यातल्या वीस ठेवण्यापेक्षा वीसच आणाव्यात.

एकच ऑर्डर दोनदा आली असेल तर ती अटीनं सापडत नाही, कारण अट एका वेळी एकच ओळ पाहते. त्यासाठी ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ हा वेगळा नोड आहे.

फिल्टर बरोबर आहे हे कळतं कसं?

हिरव्या खुणेवरून कळत नाही. एकही नोंद पुढे गेली नाही तरी एन८एन ती फेरी यशस्वीच समजतं, पुढचे नोड फक्त चालत नाहीत. पाहायचा तो नोडांना जोडणाऱ्या रेषेवरचा आकडा. किती आयटम आत गेले आणि किती बाहेर आले, ते तिथे दिसतं. ‘इफ’च्या दोन्ही दारांतून बाहेर पडलेल्यांची बेरीज आत गेलेल्यांइतकीच यायला हवी.

खऱ्या ग्राहकांवर चाचणी करू नये. सात-आठ बनावट ओळींची शीट करावी आणि त्यात मुद्दाम वाकडी माणसं बसवावीत. एक गाव मागे मोकळी जागा ठेवून, एक कऱ्हाड वेगळ्या कीबोर्डवरून, एक रक्कम देवनागरी अंकांत, एक बरोबर ५००, एक पैशांचा रकाना रिकामा, एक ऑर्डर रात्री साडेबाराची. चालवण्याआधी कागदावर लिहून ठेवायचं की कोणत्या दारातून किती बाहेर यायला हव्यात. हा कागद महत्त्वाचा, कारण निकाल आधी पाहिला की तो बरोबरच वाटतो. या ओळी नोडमध्ये ‘पिन’ करून ठेवता येतात, म्हणजे दर चाचणीला शीट पुन्हा वाचावी लागत नाही. पिन केलेला डेटा फक्त हातानं चालवलेल्या फेरीत वापरला जातो. सकाळी ८ची फेरी खरी शीटच वाचते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस मेसेज ग्राहकांऐवजी गटातल्याच एखाद्या ताईंच्या नंबरवर वळवून यादी शीटशी ताडून पाहावी लागते.